गाण्याला रहिवासी दाखला कशाला?

बियॉन्से या काळ्या पॉपगायिकेच्या 'काउबॉय कार्टर'ला फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोत्तम कंट्री अल्बमचं (कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांतून आलेलं संगीत) ग्रॅमी मिळालं आणि तिला कंट्रीची मानायचं का, या वर्षभर धुमसणाऱ्या वादात आणखी तेल पडलं. २०२४ च्या सुरुवातीला ओक्लाहोमातल्या एका छोट्या रेडिओ केंद्राने, आमचं केंद्र कंट्रीचं आहे, इथे बियॉन्से वाजत नाही, असं एका श्रोत्याला कळवून टाकलं होतं. पुढे बोंब झाल्यावर त्यांनी गाणं वाजवलं, ते सोडा. सप्टेंबरमध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनच्या नामांकनांत तिचं नाव एकदाही आलं नाही. विरोधक म्हणतात, ही पॉपवाली, हिला गावाकडचं काय ठाऊक? समर्थक म्हणतात, अहो, ही ह्यूस्टनची, अस्सल टेक्सासची पोर, वडील अलाबामाचे, आईकडचं मूळ लुइझियानातलं. आणखी काय हवं? गंमत अशी की दोन्ही बाजू एकाच खिडकीशी उभ्या आहेत. एक म्हणते दाखला दाखव, दुसरी म्हणते हा घ्या साक्षांकित प्रतींसह. दाखला मुळात लागतो कशाला, हे विचारायला कोणी तयार नाही.

माझ्या मते तो लागत नाही. चांगलं कंट्री गाणं ऐकताना घशाशी आवंढा येतो, कधी न पाहिलेल्या घराची ओढ लागते, विसरलेलं माणूस दारात येऊन उभं राहतं, यात गाणाऱ्याच्या जन्मगावाचा वाटा फार थोडा असतो. ते काम कारागिरी करते. कोणती वस्तू नेमकी कुठे ठेवायची, काय बोलायचं नाही, कुठल्या ओळीला आवाज मागे घ्यायचा, याची ती कारागिरी. हार्लन हॉवर्ड या गीतकाराच्या नावावर कंट्रीची एक व्याख्या सांगतात: तीन कॉर्ड (गिटारवरचे स्वरमेळ) आणि सत्य. भांडणारे सगळे त्यातल्या सत्यावर तुटून पडतात. तीन कॉर्ड वाजवायला कोणीतरी बसावं लागतं, हे मात्र त्यांच्या गावीही नसतं.

कंट्री गायक जॉर्ज जोन्सचं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' हे १९८० सालचं गाणं घ्या. कंट्रीतलं सर्वांत दर्दभरं गाणं कोणतं, असं विचारलं की बहुतेक जाणकार आधी याचंच नाव घेतात. मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन, असं एक माणूस बाईला सांगतो. ती निघून जाते. तो तिचा फोटो भिंतीवर ठेवतो, १९६२ सालची पत्रं उशाशी ठेवतो आणि त्या पत्रांत जिथे जिथे प्रेमाची कबुली आहे तिथे तिथे लाल शाईने रेघ ओढतो. मग एक दिवस मित्र त्याला भेटायला जातो. माणूस छान कपडे घालून तयार आहे, कित्येक वर्षांनी चेहऱ्यावर हसू आहे, डोळ्यांत पाणी नाही. दारावर फुलांचं चक्र लावलेलं आहे. तो गेला, असं गाणं सरळ शब्दांत सांगत नाही. प्रेम करायचं थांबला, एवढंच सांगतं. दुःख कुठे आहे या गाण्यात? त्या लाल रेघेत आहे. 'त्याचं तिच्यावर जिवापाड प्रेम होतं' असं दहा वेळा लिहून जे साधलं नसतं ते एका रेघेने साधलं, कारण जुनं पत्र पुन्हा पुन्हा काढून वाचणारा एक तरी माणूस प्रत्येक श्रोत्याच्या ओळखीत असतो. बऱ्याचदा तो स्वतःच असतो. आणि १९६२ हा आकडाही उगाच आलेला नाही. साल सांगितलं की श्रोता नकळत वजाबाकी करतो, आणि मधली अठरा वर्षं गीतकाराला वर्णावी लागत नाहीत.

ही रेघ जोन्सने ओढलेली नव्हती. गाणं लिहिलं बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन या दोन पगारी गीतकारांनी, आणि निर्माता बिली शेरिलने त्यांना ते पुन्हा पुन्हा बदलायला लावलं. ती बाई अंत्यसंस्काराला येते, हे कडवं त्याच्या आग्रहातून आलं. जोन्स तेव्हा दारूत बुडालेला होता. मधल्या निवेदनाची चार वाक्यंसुद्धा त्याला नीट बोलता येईनात. रेकॉर्डिंग दीडेक वर्ष रखडलं. असलं मढ्यावरचं गाणं कोण विकत घेणार, असं त्याने शेरिलला ऐकवल्याचं प्रसिद्धच आहे. गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं आणि असोसिएशनचा सर्वोत्तम गीताचा पुरस्कार सलग दोन वर्षं त्यालाच मिळाला. आता अस्सलपणाच्या तराजूत हे कसं तोलायचं? जोन्स टेक्सासच्या गरिबीतला, गायिका टॅमी वायनेटशी घटस्फोट झालेला, म्हणजे दाखला चोख. पण ज्याच्या दुःखाचं हे गाणं मानलं जातं त्याला स्वतःला ते ओळखता आलं नाही, आणि ते घडवलं ते ऑफिसात बसून गाणी लिहिणाऱ्यांनी. त्याचा आवाज फाटलेल्या आयुष्यातून आला होता, हे मला मान्यच आहे. त्या आवाजावाचून गाणं निम्मंही उरलं नसतं. पण तो आवाज त्याआधीही वर्षानुवर्षं होताच की. लाल रेघ मिळाल्यावर त्याला धार आली.

याहून अडचणीचं उदाहरण 'टेक मी होम, कंट्री रोड्स' या गाण्याचं. आपल्याकडे कॉलेजच्या सहलीत कोणी गिटार काढली की तिसऱ्या-चौथ्या गाण्याला हे येतंच, आणि ज्यांनी मिरजेपलीकडे गाव पाहिलं नाही तेसुद्धा व्याकुळ होऊन वेस्ट व्हर्जिनियाला हाका मारतात. बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट यांनी हे गाणं रचायला घेतलं ते मेरीलँडच्या रस्त्यांवर गाडी चालवताना. वेस्ट व्हर्जिनियाची त्यांना काही ओळख नव्हती. मॅसॅच्युसेट्स हे नावही चालीत बसतं, म्हणून त्याचाही विचार झाला होता. गाण्यातले ब्लू रिज डोंगर आणि शेनांडोआ नदी बहुतांशी शेजारच्या व्हर्जिनियात आहेत. वेस्ट व्हर्जिनियाच्या पूर्वेकडच्या एका कोपऱ्याला ती जेमतेम स्पर्श करतात. १९७१ मध्ये गायक जॉन डेन्व्हरने ते गाजवलं, आणि तो न्यू मेक्सिकोत जन्मलेला. म्हणजे लिहिणारे परके, गाणारा परका, भूगोलही उसनवारीचा. तरीही २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने ते अधिकृत राज्यगीतांत घेतलं, आणि तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यांत ते १९७२ पासून वाजतं आहे. खाणी बंद पडल्यावर राज्य सोडून पोटासाठी बाहेर गेलेल्या लोकांचं हे गाणं आहे. त्या लोकांना भूगोलाची चूक कळत नाही असं थोडंच आहे? कळते, आणि तरी चालते. आपल्याकडे रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्णींनी पठ्ठे बापूराव होऊन फडातल्या बाईच्या तोंडी लावण्या घातल्या, तेव्हा दाखला मागायला त्यांचे जातवाले पुढे आले होते. फडापुढे बसलेल्या माणसाने कधी मागितल्याचं ऐकिवात नाही.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरोखर वजनदार आहे त्याकडे वळतो. गायिका लोरेटा लिनचं काय? केंटकीतल्या बुचर हॉलोमध्ये, कोळसा खाणीतल्या मजुराच्या घरी वाढलेल्या बाईने १९७० मध्ये स्वतःच्या घराचं गाणं गायलं, आणि ते दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर असं उतरलं असतं का? तशीच गायिका डॉली पार्टनचं काय? आईने चिंध्या जोडून शिवलेल्या कोटाचं, शाळेत त्या कोटाला हसलेल्या पोरांचं गाणं ऑफिसात बसून सुचेल का? नाही सुचणार. जगलेल्या माणसाला वस्तू ठाऊक असतात, आणि कंट्री वस्तूंवर जगतं. इतका फायदा जन्मगावाचा आहे, तो मी नाकारत नाही. पण पुढचंही बघा. लोरेटा लिनने गाणं लिहिलं ते लांबलचक होतं. निर्माता ओवेन ब्रॅडलीने त्यातली काही कडवी काढायला लावली, तिने ती रडत काढली. काढलेली कडवीही तेवढीच खरी होती, त्याच घरातली, त्याच आईबापांची. सत्य पुरेसं असतं तर कात्री कशाला लागली? पार्टनला कोटाचं गाणं सुचलं तेव्हा ती दौऱ्याच्या बसमध्ये होती, कागद नव्हता, म्हणून तिचा सहगायक पोर्टर वॅगनर याच्या झगमगीत सुटांच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीमागे तिने ते उतरवलं. चिंध्यांच्या कोटाचं गाणं शिलाईकाम केलेल्या महागड्या सुटाच्या पावतीवर, हे मला फार आवडतं. गाणं झालं तेव्हा ती त्या कोटापासून पुष्कळ दूर आलेली होती, आणि ते अंतर मिळालं नसतं तर बहुधा गाणंही झालं नसतं. डोंगरातल्या त्या वस्त्यांत तशीच गरिबी भोगलेल्या हजारो पोरी होत्या. त्या सगळ्यांनी गाणी लिहिली नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो जुना आहे. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझलच्या विद्यापीठात प्रबंध लिहून घरच्या ओढीला रोगाचा दर्जा दिला. परदेशात पगारावर लढणाऱ्या स्विस सैनिकांची ही व्याधी म्हणून पुढे तिची ख्याती झाली. तत्त्वज्ञ रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात लिहिलं आहे की, गुराखी गाईंना बोलावताना जी धून वाजवतात ती स्विस पलटणींत वाजवायला मनाई होती, अगदी देहदंडाच्या धाकाने. कारण ती ऐकली की सैनिक रडायचे, पळून जायचे, खंगून मरायचे. आणि मग तो म्हणतो, परक्या माणसावर या धुनेचा असा काहीच परिणाम होत नाही. म्हणजे जादू धुनेत नाही. धून फक्त आठवणीची खूण आहे. हे खरं मानलं तर माझा कारागिरीचा दावा उडालाच, आणि दाखलेवाल्यांचंही बस्तान हललं, कारण मग सगळं श्रोत्याच्या गाठोड्यात आहे, गाणारा कोण आणि गाणं कसं याला फारसा अर्थ नाही.

रूसोचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पोरवयात कानावर पडलेलं रद्दड गाणंही आपल्याला हलवतं, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. कुठल्या गाण्याने, ते चारचौघांत सांगायची सोय नसते इतकंच. पण रूसोला जिम रीव्ह्ज भेटायला हवा होता. टेक्सासच्या खेड्यातला हा गायक १९६४ मध्ये, वयाच्या चाळिशीत, विमान अपघातात गेला. त्याचं गाणं केनिया-नायजेरियात, श्रीलंकेत, नॉर्वेत घर करून राहिलं. आपल्याकडे म्हापसा-मडगावपासून वांद्रे-वसईपर्यंतच्या ख्रिस्ती घरांत दोन पिढ्यांनी डिसेंबरात त्याचीच नाताळगीतं लावली. कुकरमध्ये सोरपोतेलचं डुकराचं मटण शिजतंय, पोरं चांदणी टांगायला स्टुलावर चढलीत, आणि टेपवर टेक्सासचा माणूस बर्फाबद्दल गातोय. त्या घरात बर्फ पाहिलेलं कोणी नाही. रूसोच्या हिशेबाने हा परका श्रोता. याला काही वाटायला नको. मग यांना कसली आठवण येते? आज त्यांना त्या घराचीच आठवण येते, गेलेल्या पप्पांची, विकलेल्या टेपरेकॉर्डरची, हे ठीक. पण पहिल्यांदा ते गाणं त्या घरात शिरलं कसं? खूण व्हायच्या आधी त्याला आवडावं लागलं असेल ना?

ते कसं शिरलं, हे सांगता येतं. रीव्ह्ज १९५७ च्या सुमारास मोठ्याने गायचं सोडून माइकला ओठ टेकवल्यासारखा गाऊ लागला. निर्माता चेट अ‍ॅटकिन्सने त्याच्यामागून फिडल आणि स्टील गिटार हटवली, व्हायोलिनं आणि हलका कोरस आणला. शब्द संथ, एकेक सुटा, इंग्रजी शाळेत शिकलेल्या कानालाही पहिल्या फटक्यात कळेल असा. 'ही'ल हॅव टू गो' या गाण्यात बारमधून एक माणूस बाईला फोन लावतो. रिसीव्हर ओठांजवळ घे म्हणतो, इकडे बारवाल्याला सांगून गाण्याचा आवाज कमी करायला लावतो म्हणतो, आणि तुझ्याशेजारी जो उभा आहे त्याला जायला सांग म्हणतो. रीव्ह्जचा तो खालचा स्वर असा येतो की फोन आपल्याच कानाशी आहे. माइक, स्वर आणि प्रसंग तिन्ही एकाच बिंदूवर आणलेत. ही कारागिरी. आणि गंमत बघा, कंट्रीची राजधानी नॅशव्हिल, तिथलं हे गुळगुळीत ध्वनिमुद्रण त्या काळच्या शुद्धतावाद्यांना अजिबात रुचत नव्हतं. खऱ्या कंट्रीचं यांनी वाटोळं केलं, असा त्यांचा आरोप होता. जगभर पोचलं ते नेमकं तेच. खडबडीत, अस्सल, मातीचा वास येणारं म्हणून जे गणलं गेलं ते बरचसं घरीच राहिलं.

शिवाय आठवण स्वतःचीच असावी लागते, हाही समज कच्चा आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरोल क्रमहान्सल यांनी एका सहकाऱ्याबरोबर २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विशीतल्या मुलांना अनेक दशकांची गाणी ऐकवली. त्यांच्या आईवडिलांच्या तरुणपणी जी गाजली होती, त्या गाण्यांशीही मुलांच्या आठवणी आणि भावना लक्षणीय जोडलेल्या निघाल्या. घरात जे वाजतं ते वारशाने येतं, शेतजमिनीसारखं, आणि सातबाऱ्यावर नाव न चढवता.

तिसरा आक्षेप मात्र मला टोचतो. या आठवणी निरागस नसतात. ज्या जुन्या गावासाठी गाणं उसासतं त्या गावात कोणाला कुठपर्यंत येऊ देत होते? हेन्री फोर्डने १९२० च्या दशकात जुन्या फिडलवादनाला आणि गावच्या नाचांना पैसा पुरवला, तो जॅझवर उतारा म्हणून. आणि जॅझचा दोष त्याचं वर्तमानपत्र ज्यूंच्या माथी मारत होतं. त्याच दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी काळ्यांचं आणि गोऱ्यांचं दक्षिणी संगीत दोन वेगळ्या यादीत घातलं, एकाला 'रेस' म्हटलं, दुसऱ्याला 'हिलबिली'. वाजवणारे मात्र एकमेकांकडूनच शिकत होते. कार्टर फॅमिली या सुरुवातीच्या कंट्री गटाचा ए. पी. कार्टर गाणी गोळा करत डोंगरात हिंडला तेव्हा लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक बरोबर असायचा; कार्टर शब्द टिपून घ्यायचा, रिडल चाल डोक्यात ठेवायचा. कंट्रीचा बडा गायक हँक विल्यम्सने गिटार शिकली ती रूफस पेन या काळ्या रस्त्यावरच्या वादकाकडून. डीफोर्ड बेली हा काळा हार्मोनिकावादक ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या कंट्री रेडिओ कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या दिवसांतला मोठा आकर्षणबिंदू होता. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं आणि पुढे त्याने बूटपॉलिशचं दुकान चालवलं. कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानकऱ्यांच्या यादीत, त्याचं नाव लागलं ते २००५ साली, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. तेव्हा बियॉन्सेचे समर्थक इतिहास काढून दाखवतात यात काही चूक नाही. हिसकावलेलं परत मागायला कागद दाखवावेच लागतात. माझं म्हणणं एवढंच की त्या कागदाने हक्क सिद्ध होतो, गाणं सिद्ध होत नाही.

आणि माती हा निकष कधी प्रामाणिकपणे लावला गेला, हेही जरा तपासा. काळा गायक चार्ली प्राइड मिसिसिपीतल्या स्लेजचा, वाट्याने कापूस पिकवणाऱ्याचा पोर, शनिवारी रात्री रेडिओवर ऑप्री ऐकत वाढलेला. मातीचा निकष खरा असता तर याला दारातच हार घालायला हवा होता. १९६६ मध्ये आरसीए कंपनीने त्याच्या पहिल्या रेकॉर्डी रेडिओ केंद्रांना पाठवल्या त्या फोटो न लावता. लोकांनी ऐकल्या, आवडल्या, मागितल्या. मग तो डेट्रॉइटला मोठ्या कार्यक्रमात रंगमंचावर आला आणि टाळ्या मध्येच विरल्या. आपला रंग जरा कायमचाच रापलेला आहे, असा विनोद करून त्याने ती वेळ मारून नेली. कानाने पास केलेला माणूस डोळ्याने अडवला होता. म्हणजे दाखला कशाचा मागत होते? कापसाच्या शेताचा नक्कीच नाही. १९७१ मध्ये तो असोसिएशनचा वर्षातला सर्वोत्तम कलाकार ठरला. तो टिकला ते त्याच्या गळ्यावर. शेतातल्या हजेरीवर कोणी एक गुण दिला नाही.

कारागिरी, कारागिरी म्हणतोस, मग ट्रक, बीअर, मातीचा रस्ता आणि जीन्सवाली पोरगी असा ठरलेला मसाला घालून निघणारी आजची गाणीही कारागिरीच ना, असं कोणी विचारील. विचारावंच. त्या गाण्यांतही वस्तू असतात, पण त्या गाडीमागच्या स्टिकरसारख्या चिकटवलेल्या असतात: मी गावचा, हे ओळखून घ्या. ट्रक काढून ट्रॅक्टर ठेवला तरी काही बिघडत नाही. लाल रेघ काढली तर जोन्सचं गाणं कोसळतं. उलट अशा गाण्यांचे गायक बहुतेकदा खरोखर लहान गावांतूनच आलेले असतात, त्यांचे दाखले अगदी व्यवस्थित असतात, आणि नेमकं त्याच जोरावर ती गाणी खपतात.

राहिलं ट्रेसी चॅपमनचं 'फास्ट कार'. क्लीव्हलंडमध्ये वाढलेल्या या काळ्या गायिकेने ते १९८८ मध्ये गायलं: दारुडा बाप, सुटलेली शाळा, दुकानातल्या गल्ल्यावरची नोकरी, आणि या सगळ्यातून बाहेर नेईल म्हणून कोणाच्या तरी गाडीवर ठेवलेला भरवसा. तेव्हा कंट्रीच्या कोणी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या ल्यूक कोम्ब्ज या गोऱ्या कंट्री गायकाने ते जसंच्या तसं गायलं. गल्ल्यावरची पोरगी हे शब्दसुद्धा त्याने, दाढीवाला बाप्या असून, बदलले नाहीत. लहानपणी वडिलांच्या गाडीत ते ऐकलं होतं, असं तो सांगतो. गाणं कंट्री रेडिओवर पहिल्या क्रमांकावर गेलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने सर्वोत्तम गीताचा पुरस्कार चॅपमनला दिला. तो मिळवणारी ती पहिली काळी गीतकार. पस्तीस वर्षांत त्या गाण्याची माती बदलली नाही, शब्द बदलले नाहीत, त्यातली गाडीही तीच होती. नोंदवहीतला कप्पा तेवढा बदलला, आणि पुढच्याच वर्षी त्याच असोसिएशनच्या मतदारांना बियॉन्सेसाठी तो उघडता आला नाही. तिचा अल्बम ऐकून तो फसलाय, गाणी फार आहेत, अर्ध्या गाण्यांत एकही लाल रेघ सापडत नाही, असं कोणी म्हणालं तर मी त्याच्याशी रात्रभर वाद घालायला तयार आहे. तसं म्हणणारे मला अजून फार थोडे भेटलेत.